फक्त बाससाठी ॲनालॉग सिंथ घ्यायचा तर कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरच्या खोलीत लॅपटॉपवर गाणी करता. मिडी कीबोर्ड, दोन चॅनलचा इंटरफेस आणि पाच इंची मॉनिटरची जोडी आहे. प्लगइनच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या, बासने समाधान होत नाही, म्हणून निव्वळ बाससाठी एक ॲनालॉग सिंथ, म्हणजे सर्किटमधून थेट आवाज काढणारं वाद्य, घ्यायचा आहे. मूग कंपनीचाच लागतो का, ऑसिलेटर (सूर निर्माण करणारे भाग) दोन पुरतात की तीन हवेत, नवा घ्यावा की जुना?

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. एकदाच पैसे घालायचे आणि सगळ्या तऱ्हेची गाणी करायची, तर नोव्हेशनचा बास स्टेशन टू घ्या. कीबोर्ड हाताशी आहेच, फक्त जाड भरीव तळ हवा आहे, बाकी काही नको, असं असेल तर मूगचा मिनिटॉर जुन्या बाजारात शोधा. ॲसिड या क्लबमधल्या नाचाच्या संगीताची सरपटणारी लाइन हेच काम असेल तर बेहरिंगरचा टीडी-३ पुरे. तीन ऑसिलेटर लागतातच हा समज मात्र डोक्यातून काढून टाका. ऑसिलेटर वाढवले की बासचं वजन वाढतं असं नाही. बऱ्याचदा ते घटतं, आणि ते का घटतं हे कळलं की निवड फार सोपी होते.

मी पंचवीस वर्षं स्टुडिओत आणि ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर कीबोर्ड वाजवतोय. त्यातला मोठा काळ डाव्या हाताने बास सांभाळण्यात गेला आहे. खाली जे लिहितोय ते त्या हाताला कळलेलं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही बास वाजवता कसा? एक बास थांबणारा असतो. सूर धरला की दोन-दोन, चार-चार आवर्तनं तसाच उभा, वर गाणं चालू. दुसरा चालणारा, म्हणजे छोटे तुटक सूर, प्रत्येकाला टोक असलेले, ढोलकीच्या बोलांच्या मधल्या जागा भरणारे. तिसरा घसरणारा, एका सुरातून दुसऱ्यात ओघळत जाणारा, डग्ग्यावर मनगट घासून काढलेल्या घिश्शासारखा. थांबणाऱ्या बासला ऑसिलेटर स्थिर लागतो, चालणाऱ्याला एन्व्हलप (सुराचं चढणं-ओसरणं ठरवणारा भाग) चपळ लागतो, घसरणाऱ्याला ग्लाइड (सुरातून सुरात घसरणं) आणि फिल्टर (नको ते स्वर कापणारा भाग) चांगला लागतो. आपली शेवटची पाच गाणी काढून ऐका. पाचपैकी चारांत यातला एकच प्रकार सापडेल. सिंथ त्या प्रकारासाठी घ्यायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे पट्टी. सिंथ विकत घेताना हिचा विचार कुणी करत नाही, पण बासचं अर्धं भवितव्य पट्टीच ठरवते. गाणं पांढरी एकमध्ये असेल तर तळाचा सा येतो ३२.७ हर्ट्झवर. तुमच्या पाच इंची मॉनिटरला पन्नासच्या आसपासच धाप लागते, त्यामुळे तो सा तुम्हाला ऐकूच येणार नाही. एक सप्तक वर घेतला तर ६५.४ ला येतो. तो ऐकू येतो, पण मग खालचा मजला रिकामा राहतो. पांढरी सहाचं गाणं ५५ हर्ट्झवर बसतं आणि जवळजवळ कुठल्याही सिंथवर छान लागतं. बास गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजते ती ४१.२ हर्ट्झला, म्हणजे पांढरी तीन. लोकांचा कान त्या पातळीला सरावलेला आहे. त्याच्याही खाली जाणारे सूर कानापेक्षा छातीला जास्त कळतात, आणि तेही मोठे स्पीकर असतील तरच.

मोबाइलवर तर यातलं काहीच पोचत नाही. तिथे श्रोत्याला मूळ सूर ऐकू येत नसतो. त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे वरचे स्वर ऐकू येतात आणि त्यांवरून मेंदू खालचा सूर स्वतः भरून काढतो. म्हणून बासच्या सिंथमध्ये ड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम किंचित फाडणं, ही चैन नव्हे, गरज आहे. ड्राइव्ह नसलेला शुद्ध, गोल सब, म्हणजे अगदी तळाचा आवाज, तुमच्या हेडफोनवर कितीही गोड लागला तरी मोबाइलवर गाण्यातून नाहीसा होतो. बास स्टेशन टूमध्ये फिल्टरच्या आधी ओव्हरड्राइव्ह आणि नंतर डिस्टॉर्शन अशी दोन्ही बटणं आहेत. मूगच्या सब ३७ आणि सबसिक्वेंट ३७ मध्ये मल्टीड्राइव्ह नावाची अशीच सोय आहे. मूळच्या मिनिमूगला १९७० साली असं वेगळं बटण नव्हतं, पण त्याच्या मिक्सरमधून फिल्टरला झेपेल त्याहून जास्त सिग्नल जायचा आणि फिल्टर आतल्या आत किंचित फाटायचा. ज्याला आपण मिनिमूगचा जाडपणा म्हणतो त्यातला बराचसा हा आहे. वादक हेडफोनच्या जॅकमधून वायर काढून परत बाहेरच्या इनपुटमध्ये घालायचे, म्हणजे आणखी फाटावा.

आता ऑसिलेटरकडे येतो. इथे जरा थांबावं लागेल.

दोन ऑसिलेटर किंचित बेसूर केले की आवाज रुंद होतो, हे वरच्या सप्तकात खरं आहे. खाली काय होतं ते करून बघा. दोन्ही ऑसिलेटर सॉ वेव्हवर (करवतीच्या दात्यांसारख्या लहरीवर), समान पातळीवर, ५५ हर्ट्झच्या सुरावर ठेवा. दुसरा पाच सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन कळांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) वर न्या. आता एक ५५ वर आहे आणि दुसरा ५५.१६ वर. फरक सेकंदाला ०.१६ कंप, म्हणजे दोघं एकमेकांशी जुळून, सुटून, परत जुळायला सहा सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. १२० च्या लयीत चार मात्रांचा बार दोन सेकंदांचा. म्हणजे सूर धरून ठेवला तर तीन बारांत एकदा तो फुगतो आणि एकदा खचतो. आणि खचतो तेव्हा नुसता बारीक होत नाही. दोन सॉ वेव्ह बरोबर उलट्या आल्या की मूळ सूर आणि त्याचे विषम पटीचे वरचे स्वर एकमेकांना खोडून टाकतात, सम पटीचे तेवढे उरतात, आणि बास क्षणभर एक सप्तक वर उडी मारल्यासारखा वाटतो. तळ निघून जातो.

तुटक सुरांत हे आणखी फसवं होतं. कळ दाबली त्या क्षणी दोन ऑसिलेटर कुठे होते त्यावर त्या सुराचं वजन ठरतं. एकच कळ आठ वेळा मारा. तिसरा भरलेला येईल आणि सहावा पोकळ. सुरुवातीच्या काळात मी एका गाण्याचा बास असा रेकॉर्ड केला आणि मिक्सिंगला बसल्यावर रात्रभर कॉम्प्रेसरशी झुंजत होतो. पातळी सारखी करून काही उपयोग होईना, कारण पातळी सारखीच होती. तळच जागेवर नव्हता. सकाळी दुसरा ऑसिलेटर बंद करून तीच लाइन पुन्हा वाजवली. दहा मिनिटांत काम झालं.

म्हणून तीन ऑसिलेटरच्या मशीनवरही बास वाजवताना मी बहुतेक वेळा एकच ऑसिलेटर तळाशी ठेवतो. दुसरा हवाच असेल तर एक सप्तक वर आणि पातळी निम्मी. याच्या उलट सब ऑसिलेटर. तो स्वतंत्र नसतो. मुख्य ऑसिलेटरच्या कंपनांना दोनने किंवा चारने भागून तो तयार होतो, त्यामुळे तो मुख्य ऑसिलेटरला कायम बांधलेला असतो. फुगणं नाही, खचणं नाही, प्रत्येक सुराला सारखं वजन. रोलँडचा १९८२ चा एसएच-१०१ एकाच ऑसिलेटरचा सिंथ होता. त्याच्या बासला आजही लोक मान देतात ते या बांधलेल्या सबमुळे. बास स्टेशन टूमध्ये दोन ऑसिलेटर आणि शिवाय सब आहे. सब एक किंवा दोन सप्तकं खाली नेता येतो आणि त्याचा आकार साइन, पल्स, स्क्वेअर यांतून निवडता येतो. ऑसिलेटर डिजिटल नियंत्रणाखाली चालतात, म्हणून काही लोक त्याला कमअस्सल म्हणतात. बाससाठी मला ती त्याची मोठी जमेची बाजू वाटते. तळाला स्थिरता हवी. हलतं-डुलतं काम वरच्या वाद्यांनी करावं.

आता फिल्टर. मूगचा लॅडर फिल्टर, ज्याचं पेटंट रॉबर्ट मूग यांना १९६९ मध्ये मिळालं, चार पायऱ्यांचा आहे. प्रत्येक पायरी सप्तकाला ६ डेसिबल कापते, एकूण २४. कटऑफ, म्हणजे जिथून वरचं कापायचं ती सीमा, खाली आणला की वरचं सगळं मऊ होऊन जातं आणि खालचं शाबूत राहतं, म्हणून तो बासला इतका शोभतो. पण रेझोनन्स वाढवायला लागलात की तोच फिल्टर तळ खायला लागतो. रेझोनन्स म्हणजे फिल्टरच्या आउटपुटचा काही भाग उलटा करून परत आत सोडायचा. कटऑफजवळच्या स्वरांची कला (फेज) फिरून आलेली असते, त्यामुळे ते वाढतात. खालचे स्वर उलटे होऊन परत येतात ते मूळ आवाजातून वजा होतात. फिल्टर स्वतःच शिट्टी वाजवायच्या उंबरठ्यावर येतो तेव्हा तळ मूळच्या एकपंचमांशावर आलेला असतो, म्हणजे सुमारे १४ डेसिबल खाली. दुकानात लोक पहिल्यांदा रेझोनन्सचा नॉबच फिरवतात आणि 'याचा बास पातळ आहे' म्हणून निघून जातात. नॉब घड्याळातल्या नऊच्या जागी, म्हणजे बराच खाली, आणा आणि मग ऐका.

रेझोनन्सही हवा आणि तळही हवा, अशी लाइन असेल तर ती दोनदा रेकॉर्ड करा. एकदा नुसता सब, फिल्टर बंदसारखा, एकाच चॅनलवर. दुसऱ्यांदा रेझोनन्सवाली लाइन, आणि तिचा १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाका. मी वर्षानुवर्षं असंच करतो.

कॉर्गच्या एमएस-२० ची गोष्ट वेगळी. मूळ १९७८ चा, मिनी रूपात २०१३ मध्ये परत आला. त्यात वरचे स्वर कापणाऱ्या लो-पास फिल्टरच्या जोडीला खालचे कापणारा हाय-पासही आहे आणि त्यालाही रेझोनन्स आहे. हाय-पासचा कटऑफ सुराच्या जरा खाली ठेवून रेझोनन्स वाढवला तर नेमका तळालाच उठाव मिळतो. आवाज रासवट, पण ढोल-ताशाच्या शेजारी उभा राहणारा. त्याला दुसऱ्या जुन्या सिंथशी व्होल्टेजच्या वायरने जोडायचं मनात असेल तर एक लक्षात ठेवा. बहुतेक मशीन सप्तकाला एक व्होल्ट या हिशोबाने चालतात, एमएस-२० मात्र व्होल्टला हर्ट्झ या हिशोबाने. सरळ जोडलात तर सूर लागणार नाही. मिडीवरून वाजवणार असाल तर हा प्रश्नच नाही.

एन्व्हलपबद्दल फार लिहीत नाही, कारण आज मिळणाऱ्या बहुतेक सिंथमध्ये तो पुरेसा चपळ आहे. अटॅक (सूर चढायचा वेळ) शून्यावर, सस्टेन (कळ धरल्यावरची पातळी) शून्यावर, डिके (ओसरायचा वेळ) दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास ठेवून सूर मारा. सुरुवातीला स्पष्ट 'टक्' आला पाहिजे. मिनिटॉरमध्ये डिके आणि रिलीज (कळ सोडल्यावर विरायचा वेळ) यांना मिळून एकच नॉब आहे, हे चालणाऱ्या बासवाल्यांनी आधीच माहीत करून घ्यावं. ट्रिगरकडेही बघा. मिनिमूगच्या वळणाच्या मशीनवर एक कळ सोडायच्या आत दुसरी दाबली की एन्व्हलप नव्याने सुरू होत नाही, आणि दोन कळा दाबल्या तर खालची वाजते. ऑर्गनवर वाढलेल्या हाताला हे सुरुवातीला अडतं. मग एक दिवस कळतं की खालचा सा धरून वरच्या सुरांवर बोट नाचवण्याऐवजी वरचा सूर धरून खालच्या सा वर नुसतं टिचकी मारत राहायचं. बासची अर्धी नजाकत तिथे आहे.

यंत्रांबद्दल आता नावानिशी.

मिनिटॉर २०१२ चा. १९७० च्या दशकात मूगने पायाने वाजवायचे टॉरस बास पेडल काढले होते, त्याचा हा टेबलावर मावणारा वारस. दोन ऑसिलेटर, सॉ आणि स्क्वेअर, लॅडर फिल्टर. वरच्या सप्तकांत तो जातच नाही, तुम्ही कळ दाबली तरी एका मर्यादेनंतर सूर वर सरकत नाही. मला हा प्रामाणिकपणा आवडतो, पण याच यंत्रावर कधीतरी लीड, म्हणजे वरची मुख्य धूनही वाजवू असा विचार असेल तर तो सोडून द्या. मध्येच एक सांगतो: त्याच्या पुढच्या पट्टीवर जेवढे नॉब दिसतात त्याहून जास्त गोष्टी आत आहेत आणि त्या मिडीवरून किंवा एडिटरमधून बदलता येतात. जुना घेताना विकणाऱ्याला हे माहीत नसतं.

सबसिक्वेंट ३७ उत्तम आहे. सब ऑसिलेटर आहे, फिल्टरचा उतार ६, १२, १८, २४ यांतला निवडता येतो, ३७ कळा आहेत, आवाज साठवता येतात. पण निव्वळ बाससाठी तुम्ही त्याची अर्धी किंमत न वापरलेल्या गोष्टींसाठी मोजाल. तो लीडही वाजवणार असेल, स्टेजवरही जाणार असेल, तर जरूर घ्या.

बेहरिंगरचा मॉडेल डी मिनिमूगच्या नकाशावरून केलेला आहे, किमतीच्या मानाने आवाज फार चांगला. मेमरी नाही. काल रात्रीचा आवाज आज हवा असेल तर नॉबचा फोटो काढून ठेवायचा. घरच्या कामाला हे चालतं. स्टेजवर, दोन गाण्यांच्या मधल्या पंधरा सेकंदांत, अंधारात, हे चालत नाही. मी प्रयत्न केला आहे.

कॉर्गचा मोनोलॉग छोटा, बॅटरीवरही चालणारा, दोन ऑसिलेटरचा. तळ बास स्टेशनइतका भरीव नाही, पण त्यात मायक्रोट्यूनिंग, म्हणजे एकेक सूर केसभर वर-खाली मिळवायची सोय आहे, आणि आपल्या संगीताला ती खरी उपयोगाची गोष्ट आहे. बास सा आणि प वर असेल तोवर काळजी नाही, कारण कीबोर्डचा पंचम शुद्ध पंचमापेक्षा जेमतेम दोन सेंट कमी असतो. पण बास गंधारावर थांबला आणि वर तंबोरा चालू असेल तर कीबोर्डचा गंधार जवळजवळ चौदा सेंट चढा आहे, आणि ते ऐकू येतं. भजनाच्या किंवा नाट्यगीताच्या चाली बांधत असाल तर हे बघून घ्या. बास स्टेशन टूलाही ही सोय नंतरच्या अपडेटमध्ये मिळाली.

आता टीबी-३०३. रोलँडने १९८१ मध्ये हे यंत्र काढलं ते एकट्या गिटारवाल्याला साथीला बास मिळावा म्हणून. बास गिटारसारखं ते कधी वाजलंच नाही, आणि १९८४ ला बंद पडलं. शिकागोच्या मुलांनी पडत्या भावात मिळालेल्या त्या पेट्यांतून ॲसिड हाउस काढलं, त्यातली फ्यूचर या गटाची पहिली मोठी रेकॉर्ड १९८७ ची. पण त्याआधी पाच वर्षं, १९८२ मध्ये, आपल्या मुंबईत चरणजीत सिंग यांनी टीबी-३०३, टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथ घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग रेकॉर्ड केले होते. हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमधला अनुभवी वादक, बास गिटारही वाजवणारा. तेव्हा ती रेकॉर्ड कुणी फारशी ऐकली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरातल्या लोकांनी कान टवकारले. ती ऐकताना मला दर वेळी वाटतं की ३०३ च्या सुरांमधला घसरा रागदारीच्या मींडेसाठीच बनवला असावा. तुम्ही अजून ऐकली नसेल तर सिंथ घ्यायच्या आधी ऐका.

३०३ ची गंमत एका ऑसिलेटरात किंवा फिल्टरात नाही, त्याच्या ॲक्सेंट आणि स्लाइडमध्ये आहे. ॲक्सेंट म्हणजे नुसता मोठा आवाज नव्हे. ॲक्सेंट दिला की डिके आखूड होतो आणि फिल्टर जास्त उघडतो. लागोपाठ दोन-तीन ॲक्सेंट दिले तर आतला कपॅसिटर पुरता रिकामा व्हायच्या आत पुन्हा भरतो, म्हणून प्रत्येक सूर आधीच्याहून वर चढतो. ही चढण कीबोर्डवर वाजवून येत नाही, त्याच्या सिक्वेन्सरमध्ये एकेक पायरी भरूनच येते. म्हणून ॲसिड करायचं असेल तर सिक्वेन्सरसकट नक्कल घ्या, टीडी-३ किंवा तसं दुसरं काही. बास स्टेशनमध्ये ॲसिड नावाचा डायोड लॅडर फिल्टर आहे, तो गाण्यात एखाद्या ठिकाणी चव आणायला छान आहे, पण त्यावर अख्खं ॲसिडचं गाणं उभं करायला जाऊ नका.

आता आपल्या हवेची आणि आपल्या विजेची गोष्ट, कारण परदेशी व्हिडिओत ही कुणी सांगत नाही.

व्होल्टेजवर चालणाऱ्या ऑसिलेटरचा सूर तापमानाने हलतो. मे महिन्यात एका गावच्या जत्रेत आमचा कार्यक्रम होता. पाच वाजता, उन्हात तापलेल्या पत्र्याखाली, मी जुना सिंथ हार्मोनियमशी नीट मिळवला. साडेनऊला वारा सुटला. तिसऱ्या गाण्यापर्यंत बास आणि हार्मोनियम एकमेकांशी भांडायला लागले होते, आणि हार्मोनियम तर मिळवता येत नाही. गायिकेने माझ्याकडे वळून पाहिलं ते अजून आठवतं. मी ट्यूनचा नॉब गाण्याच्या मधेच, एकेक केसभर, फिरवत राहिलो. तेव्हापासून उघड्यावरच्या कार्यक्रमाला मी स्थिर ऑसिलेटरचंच मशीन नेतो. घरी मात्र जुन्या यंत्राला वीस मिनिटं तापू द्यायचं आणि मगच सूर लावायचा, एवढं पुरतं. एसी वापरत असाल तर एसीही आधी चालू करा.

दुसरं म्हणजे विजेची गुणगुण. आपली वीज ५० हर्ट्झची. काळी चारचा तळाचा सा ५१.९ हर्ट्झला येतो. अनेक गायिका काळी चारमध्ये गातात. केबलमधून विजेची गुणगुण आत येत असेल तर ती त्या सा शी सेकंदाला जवळजवळ दोन ठोके देत भिडते, आणि बास थरथरल्यासारखा वाटतो. लोक सिंथला दोष देतात. केबल उपटून नुसता इंटरफेस ऐका, मग सिंथ जोडून पण बंद ठेवून ऐका, मग लॅपटॉपचा चार्जर काढून ऐका. नव्वद टक्के वेळा लॅपटॉपचा चार्जर आणि सिंथची यूएसबी केबल मिळून अर्थिंगचा फेरा तयार झालेला असतो. यूएसबी काढा आणि जुन्या पाच पिनांच्या मिडी केबलने जोडा. त्या जोडणीत इनपुटला प्रकाशाचा दुवा असतो, विजेचा नसतो, त्यामुळे फेरा तुटतो. तेवढ्याने भागलं नाही तर मध्ये ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स (तारांची थेट जोडणी तोडून आवाज पुढे देणारी डबी) टाका. अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे.

आणि अमेरिकेतल्या भावाने-मावशीने सिंथ पाठवला असेल तर प्लगात घालायच्या आधी अडॉप्टरवर काय छापलं आहे ते वाचा. '१००-२४०' असेल तर खुशाल लावा. नुसतं १२० असेल तर आपल्या २३० वर ते जळेल.

तुमच्या खोलीबद्दलही बोललं पाहिजे, कारण सिंथ बदलून खोली बदलत नाही. ४१ हर्ट्झच्या सुराची एक लाट आठ मीटरहून लांब असते. समजा खोली दहा बाय बारा फुटांची आहे. बारा फुटांच्या बाजूने ती साधारण ४७ हर्ट्झला घुमते, म्हणजे काळी तीन आणि पांढरी पाचच्या मधे, आणि दहा फुटांच्या बाजूने ५६ ला, म्हणजे पांढरी सहाच्या जवळ. हे सूर तुम्हाला नेहमीच प्रचंड वाटतील आणि त्यांच्या शेजारचे रोडके. अशा खोलीत दोन सिंथची तुलना करून काही कळत नाही. बासचा निर्णय चांगल्या बंद हेडफोनवर घ्या, खुर्ची भिंतीपासून थोडी पुढे ओढा, आणि पुढच्या पैशातून आधी कोपऱ्यांत जाड रॉकवूलचे खांब करा.

दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी जाताना आपले हेडफोन आणि मोबाइलमध्ये आपलंच एक अर्धवट गाणं घेऊन जा, बास काढून टाकलेलं. फॅक्टरीचे प्रीसेट ऐकू नका. ते एकट्याने ऐकायला बनवलेले असतात, गाण्यात बसायला नाही. एक ऑसिलेटर, सॉ वेव्ह, रेझोनन्स शून्य, कटऑफ निम्म्यावर, एवढाच आवाज लावा आणि गाण्यावर वाजवा. इथे पोट भरलं तर बाकीचं सगळं नंतर जमतं.

जुनं मशीन असेल तर प्रत्येक नॉब हेडफोन लावून हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. खरखर आली तर नॉब साफ करावे लागतील, ते फार अवघड काम नाही. एखाद्या जागी आवाज उडी मारत असेल तर मात्र तो नॉब बदलावा लागतो, त्याचे पैसे कमी करायला सांगा. मग ट्यूनर लावून तळाचा सा बरोबर मिळवा आणि दोन सप्तकं वरचा सा वाजवून बघा. तो चढा किंवा उतरता असेल तर आतलं जुळवणं करावं लागणार, आणि ते करणारा माणूस तुमच्या शहरात आहे का हे आधी विचारा. चहा घ्या, गप्पा मारा, वीस मिनिटं जाऊ द्या, मशीन चालूच ठेवा. मग तेच दोन सा पुन्हा वाजवा. काटा जागेवरच असेल तर पैसे द्या.